तिने पाठवलेला बफर

माझ्या नवऱ्याची एक मैत्रीण आहे आणि ती मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं लिहिलं तर ते किती जिवावर आलं असेल हे वाचणाऱ्याला कळेल. ती बंगळुरूला असते, चिप तयार करणाऱ्या कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर. इथल्या इंजिनियरिंग कॉलेजात दोघं एका वर्गात होते, प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर. संशयबिंशय काही नाही. तिचा नवरा चांगला माणूस आहे, मीही त्याच्याशी एकदोनदा बोललेय. माझं दुखणं निराळं होतं. माझा नवरा तिच्याशी जे बोलायचा ते माझ्याशी बोलायचा नाही, आणि मी तर दिवसभर त्याच्या शेजारी बसलेली असायचे.

फ्रीगंजमध्ये आमचं दुकान आहे. सासरे रेल्वेत इलेक्ट्रिशियन होते. नोकरीपायी भुसावळहून इकडे हिंदी मुलखात आले ते इथलेच झाले, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी मोटार वाइंडिंगचं आणि घरांच्या वायरिंगचं हे दुकान टाकलं. नवऱ्याने ते बदललं. आता आमच्याकडे कारखान्यांच्या मशिनांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्तीला येतात. अगरबत्तीच्या मशीनचे येतात, पिठाच्या गिरणीचे येतात, पण सगळ्यात जास्त येतात ते शेव-मिक्स्चर पाकिटात भरणाऱ्या मशिनांचे. मी इथल्याच माधव नगरची, फिजिक्समध्ये बी.एस्सी. लग्नानंतर स्वयंपाक आटपला की दुकानात येऊन बसायला लागले, ती बसलेच. सोल्डरिंग मला सासऱ्यांनी शिकवलं. आमच्याकडे त्याला टाका मारणं म्हणतात. "सूनबाई, टाका असा पाहिजे की त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे," असं ते म्हणायचे.

हळूहळू बारीक कामं सगळी माझ्याकडे आली, कारण नवऱ्याचा हात जड आणि धीर कमी. तो डायग्राम वाचायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. मी टाके मारायचे. "हा रेझिस्टर बदल." "इथे टाका मार." "जरा लवकर." आमच्या संसारातलं विज्ञान एवढ्यावरच थांबलेलं. आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की फोन लावून हाच माणूस तिच्याशी तास तास बोलायचा. अमका सिग्नल असा का चढतो, तमक्या चिपमध्ये नवीन काय आलंय, कोणत्या सरांनी कोणाची फाइल कशी भिरकावली होती. मी मटार सोलत ऐकायचे. निम्म्याहून जास्त मला कळायचं, आणि तेच झोंबायचं. काही कळलंच नसतं तर मटार तरी शांतपणे सोलून झाले असते.

मागच्या वर्षी आम्ही एक लॉजिक अ‍ॅनालायझर मागवला. नाव एवढं मोठं आणि वस्तू काड्यापेटीएवढी. एका बाजूने ती डबी कॉम्प्युटरला लागते, दुसऱ्या बाजूने आठ बारीक तारा निघतात. त्या बोर्डवर जिथे जिथे चिमटवाल तिथे वीज केव्हा आली आणि केव्हा गेली हे पडद्यावर आठ ओळींत दिसतं. कोण आधी बोललं, कोण मागून बोललं, कोण कोणासाठी थांबलं, सगळं. मला ती पाहताक्षणी आवडली. पण जीव तिचा चिमणीएवढा. पाच व्होल्टच्या फार वर काही गेलं की संपली, आणि आमच्या गिऱ्हाइकांची मशिनं चालतात चोवीस व्होल्टवर.

पहिली डबी नवऱ्याने आठवड्याच्या आत मारली. मी तेव्हाच म्हटलं, "अहो, मध्ये एक बफर लावू या. मी बनवते." बफर म्हणजे तव्याच्या आणि बोटांच्या मधलं फडकं. डबीच्या आधी एक चिप बसवायची. बाहेरचा सिग्नल ती आपल्या अंगावर घेते आणि डबीला सोसेल असा करून आत देते. बाहेरून भलतंच काही आलं तर ती चिप मरते, डबी वाचते. नवरा म्हणाला, "बघू." आणि त्याने दुसरी डबी मागवली.

दुसरीही मेली. या वेळी त्याला रविवारपर्यंत दम निघाला नाही. दुकानातूनच त्याने तिला फोन लावला आणि ती म्हणाली, "यार, तू इनपुट बफर क्यों नहीं लगाता?"

"क्या बात है!" नवरा खुर्चीतून उठलाच. "ये तो सोचा ही नहीं."

सोचा ही नहीं! मी हातभर अंतरावर बसले होते. हातात तापलेलं आयर्न होतं, ते मी मुकाट्याने स्टँडमध्ये ठेवलं, कारण तशा वेळी हातात काही तापलेलं नसलेलं बरं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. मी म्हटलं असतं की हे मी आधीच सांगितलं होतं, तर तो म्हणाला असता, "अगं, तू म्हणालीस पण तेव्हा गडबड किती होती," आणि त्याला ते खरंही वाटलं असतं.

"मैं ही बनाके भेज देती हूँ," ती तिकडून म्हणाली. "कितने साल हो गए अपने हाथ से कुछ बनाए."

पार्सल आलं. कुठलंही पार्सल टराटरा फाडणाऱ्या माझ्या नवऱ्याने चिकटपट्टी नखाने सोडवत सोडवत ते उघडलं. आत एक निळा बोर्ड होता, तळहातात मावेल एवढा, कोपरे गोल केलेले. पांढऱ्या बारीक अक्षरांत प्रत्येक तारेचा नंबर. तिळाएवढे रेझिस्टर एका रांगेत, एकही तिरका नाही. रंगीत तारा, त्यांच्या टोकांना चिमटे, आणि कोणती तार कशासाठी हे सांगणारा चित्राचा कागद. मी भिंग घेतलं आणि एकेक टाका बघितला. मी खोट शोधत होते. एवढ्या टाक्यांत एखादा तरी कोरडा निघेल, एखादा तरी फुगलेला असेल, असं वाटत होतं. नाही निघाला. प्रत्येक टाक्यात तोंड दिसत होतं. माझंच, आणि त्या वेळी ते बघण्यासारखं नव्हतं.

"कसा आहे?" नवऱ्याने विचारलं.

"बरा आहे."

"बरा? अगं, फर्स्ट क्लास आहे!"

"मग मला विचारता कशाला?"

त्याने तो काचेच्या कपाटात ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसेल असा. माझ्या हाताखालून इतके बोर्ड गेले त्या दुकानातून, एकाला कधी कपाटात जागा मिळाली नाही.

पुढच्या आठवड्यात तो कामासाठी रोज देवासला जात होता. दुपारी दुकानात मी एकटीच असायचे. मत्सराने माणूस वाया जातो म्हणतात. मला त्याने कामाला लावलं. ड्रॉवरमधून मी भोकांचा साधा तपकिरी बोर्ड काढला आणि माझा बफर बनवायला बसले. तिचा बोर्ड समोर ठेवून, तिच्यापेक्षा चांगला करायचा म्हणून. आणि तेव्हा मला दिसलं की तिने प्रत्येक तारेवर वीज अगदी थोडी अडवणारा रेझिस्टर लावलाय. पाच व्होल्टच्या नाजूक बोर्डांना तो बरोबर होता. आमच्या चोवीस व्होल्टपुढे तो म्हणजे पुरात लावलेली चटई.

एवढी मोठी इंजिनियर आणि हे तिला कसं सुचलं नाही? मग माझ्या लक्षात आलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नवरा फोनवर काय म्हणायचा ते मी आठवून पाहिलं. "ऑटोमेशन का काम है." "कंट्रोल सिस्टम देख रहा हूँ." एवढ्या वर्षांत शेव हा शब्द त्याने तिच्यासमोर एकदाही काढला नव्हता.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, तो निळा बोर्ड पाच व्होल्टचा आहे. आपल्या मशिनांवर नाही चालायचा."

"अगं, ती चिपा बनवते, चिपा," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मी माझा बफर पुरा केला. प्रत्येक तारेला आधी दहा हजार ओहमचा रेझिस्टर, म्हणजे कितीही जोरात आलेलं पाणी आत येताना थेंबावर यावं. मग दोन छोटे डायोड. पाचाच्या वर काही चढलं तर ते एकातून वरच्या वर निघून जाईल, शून्याच्या खाली गेलं तर दुसऱ्यातून. मग आठ वाटांची चिप. आणि ज्या तारा कुठेच लावलेल्या नाहीत त्यांनी हवेतलं काहीबाही पकडून पडद्यावर नाचू नये म्हणून प्रत्येकीला एक मोठा रेझिस्टर जमिनीकडे. चालायला उत्तम चालत होता. दिसायला मात्र वरून बरा आणि मागून तारांची नुसती शेव. त्या निळ्याच्या शेजारी ठेवून पाहिला आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. मी तो पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये सरकवला आणि नवऱ्याला दाखवला नाही.

दिवाळीच्या आधी शेवेच्या एका कारखान्यातून बोर्ड आला. त्यांची पाकिटं चुकीच्या जागी कापली जात होती, अर्धं नाव एका पाकिटावर आणि अर्धं दुसऱ्यावर. पाकिटांच्या रोलवर ठरावीक अंतराने काळी खूण छापलेली असते. मशीनचा एक डोळा, म्हणजे सेन्सर, ती खूण बघतो आणि मग कटर कापतो. डोळा चुकतोय की कटर, हे दोघांचे सिग्नल एकाखाली एक बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. बोर्ड, सेन्सर आणि रोलचा एक तुकडा असं सगळं टेबलावर मांडून नवऱ्याने कपाटातून निळा बोर्ड काढला. डबी तिसरी होती.

आता आमच्या दुकानातल्या दोन सवयी सांगायला हव्यात. सासऱ्यांची शिकवण होती की हिरवी तार म्हणजे धरती, म्हणजे जमिनीची, ग्राउंडची. घरांच्या वायरिंगमधून आलेली ती सवय आमच्या हातांत बसली आहे. आणि मशिनांच्या सेन्सरमध्ये काळी तार असते सिग्नलची. तपकिरीतून वीज येते, निळीतून जाते, बोलते ती काळी. बंगळुरूकडच्या, स्वच्छ टेबलांवरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये याच्या नेमकं उलटं. तिथे काळी म्हणजे ग्राउंड, आणि हिरवी म्हणजे आठांतली कुठलीही एक. तिच्या कागदावर हे स्वच्छ काढलेलं होतं. नवऱ्याने कागद बघितला नाही. तिने तारा किती सुबक केल्यात हे मला सांगत सांगत त्याने हिरवी बोर्डच्या ग्राउंडला लावली आणि काळी लावली सेन्सरच्या काळीवर.

मला ते दिसलं. एक क्षण मनात आलं, जळू दे. सगळ्या कारखान्यांसमोर मिरवलेला तो निळा बोर्ड एकदाचा जळू दे. पण काम गिऱ्हाइकाचं होतं आणि कॉम्प्युटर आमचा.

"थांबा," मी म्हटलं. "काळी चुकली. तिची काळी ग्राउंडची आहे. कागद बघा."

"सेन्सरची काळी म्हणजे सिग्नल. इतकी वर्षं तेच करून राहिलोय मी."

"सेन्सरची हो. तिची नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू तिच्या कामात खोट काढणं सोड आता. पार्सल आलं तेव्हापासून बघून राहिलोय मी."

वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. मी जळत होते हे त्याला दिसत होतं, आणि म्हणून मी बरोबर आहे हे दिसत नव्हतं. मी पुन्हा तोंड उघडेपर्यंत त्याने स्विच दाबला आणि रोलची काळी खूण डोळ्याखाली सरकवली. सेन्सरचा लाल दिवा लागला. टिक्‌ असा आवाज आला आणि निळ्या बोर्डातून धुराची बारीक रेघ वर गेली.

डबी वाचली, कॉम्प्युटर वाचला. तिच्या बफरने आपलं काम चोख केलं, म्हणजे स्वतः मेला. हे मला कबूल करावंच लागेल.

नवऱ्याने तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्टँडला टेकवून स्पीकरवर टाकला, कारण त्याच्या दोन्ही हातांत तो बोर्ड होता, मेलेलं पाखरू धरावं तसा. ती एकेक विचारत गेली.

"ब्लैक कहाँ लगाया था?"

"सेन्सर पे."

"यार, ब्लैक तो ग्राउंड है. लिखके भेजा था. सेन्सर कितने वोल्ट का है?"

"चौबीस."

"चौबीस! तूने तो बताया ही नहीं. मशीन किसकी है?"

"पैकिंग की."

"किस चीज़ की पैकिंग?"

नवरा बोर्डकडे बघत राहिला. "सेव की," तो म्हणाला, इतक्या हळू की तिला पुन्हा विचारावं लागलं.

"अच्छा," ती म्हणाली. मग म्हणाली, "भाभी तो वहीं बैठती हैं ना? उन्होंने भी नहीं देखा?"

"नहीं," नवरा म्हणाला. "वो चाय बना रही थी."

आमच्या दुकानात चहा बनत नाही. तिथे गॅस नाही, शेगडी नाही, चहाचं भांडंसुद्धा नाही. चहा समोरच्या टपरीवरून येतो. तिच्यासमोर आपण ऐकलं नाही हे कबूल करण्यापेक्षा त्याला मला तिथून उठवून एका नसलेल्या स्वयंपाकघरात पाठवणं सोपं वाटलं. इतका वेळ मी तिच्यावर जळत होते. त्या एका वाक्याने माझा राग तिच्यावरून उठला आणि त्याच्यावर जाऊन बसला.

मी फोन उचलला. "नमस्ते," मी म्हटलं. "मैं चाय नहीं बना रही थी. मैं यहीं थी, और मैंने रोका था."

नवरा म्हणाला, "अगं..." आणि हातातला बोर्ड टेबलावर ठेवला.

मला वाटलं, आता ती त्याची बाजू घेईल किंवा हसण्यावारी नेईल. ती म्हणाली, "आपको कैसे पता चला?" मी तिला सांगितलं, आमची हिरवी, सेन्सरची काळी, तिची काळी. तिने मध्ये एकदाही माझं बोलणं तोडलं नाही. मग म्हणाली, "अब बफर का क्या करेंगे? दूसरा भेजूँ?"

"एक है," मी म्हटलं आणि ड्रॉवर उघडला.

मी माझा तपकिरी बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरला. तिने विचारायला सुरुवात केली. रेझिस्टर केवढा? डायोड कुठून कुठे? हा मोठा कशासाठी? मी उत्तर देत गेले आणि प्रत्येक उत्तराला ती पुढचा, आधीपेक्षा अवघड प्रश्न विचारत गेली. तसे प्रश्न मला लग्नानंतर कुणी विचारले नव्हते. मग ती म्हणाली, "पीछे से दिखाइए." मला लाज वाटली, पण दाखवला. ती स्क्रीनच्या जवळ आली.

"टाँके आपने लगाए हैं?"

"हाँ."

"मेरे वाले तो मशीन ने लगाए थे," ती म्हणाली. "मुझसे अब कहाँ होते हैं."

नवऱ्याने मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तिच्यापासून शेव लपवली होती आणि तिने त्याच्यापासून मशीन, आणि मी भिंग घेऊन त्या मशीनच्या टाक्यांवर जळत बसले होते.

मी माझा बफर लावला. काळी तार काळीला, हिरवी ग्राउंडला, आमच्या पद्धतीने. खूण सरकवली आणि पडद्यावर दोन ओळी उभ्या राहिल्या. मी कॅमेरा पडद्याकडे केला. कटर बिचारा शहाण्यासारखा वागत होता. डोळा मात्र एका पाकिटात दोनदा मिटत होता. "भाभी, ये दूसरी बार कहाँ से आया?" ती म्हणाली. मी रोलचा तुकडा पुन्हा हळूहळू सरकवला, आणि आम्हा दोघींना ते एकदमच दिसलं. नव्या छपाईत नावाचं एक जाड काळं अक्षर खुणेच्या रांगेत आलं होतं आणि डोळा त्यालाच खूण समजत होता. ती हसायला लागली. मीही हसले. मग डोळा किती बाजूला सरकवायचा, बोर्डलाच दुसरी खूण सोडून द्यायला शिकवता येईल का, यावर आमचं सुरू झालं. ती म्हणायची बोर्डमध्ये करा, मी म्हणायचे डोळा सरकवा. आम्ही भांडलोसुद्धा.

नवरा आधी खुर्चीमागे उभा राहिला. मग त्याने टेबलाचा एक कोपरा फडक्याने पुसला. मग म्हणाला, "माझ्यासाठी काही काम आहे का?" तिने ते ऐकलं नाही आणि मी उत्तर दिलं नाही. त्याने एकदा "यार, वो कॉलेजवाला..." असं काहीतरी सुरू केलं, आणि ती म्हणाली, "एक मिनट, पहले भाभी की बात पूरी होने दे."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. ओठ आवळलेले, नजर पडद्यावर, हातात ते फडकं. आतून काय होतंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. इतक्या रविवारी मी तशीच बसले होते. मला त्याची दया यायला हवी होती, आणि एखाद्या चांगल्या बाईला ती आलीही असती. फोन थोडा त्याच्या बाजूला कलला होता. मी तो उचलला आणि माझ्याकडे वळवून घेतला.